उत्तर-वासाहतिक साहित्याच्या पेपरचे शेवटचे दोन तास कसे घ्यावेत?

टीवायचा, म्हणजे पदवीच्या तिसऱ्या वर्षाचा, वासाहतिक आणि उत्तर-वासाहतिक (परक्या राजवटीच्या काळातल्या आणि त्यानंतरच्या) साहित्याचा पेपर संपत आलाय, दोनच तास उरलेत, त्यात उजळणी घ्यावी की आणखी काही, असं तुम्ही विचारलंय. मी नाशिकमध्ये हाच पेपर शिकवतो. उजळणी आणि आयएमपी प्रश्न आधीच उरकून घ्या. शेवटचे दोन्ही तास आपल्याकडच्या इतिहासासाठी ठेवा.

इंग्रजी कादंबरीकार कॉनराडची आफ्रिकेवरची 'हार्ट ऑफ डार्कनेस' १८९९ची, नायजेरियाच्या अचेबेची 'थिंग्ज फॉल अपार्ट' १९५८ची, १९७५च्या व्याख्यानात अचेबेने कॉनराडला वंशवादी म्हटलं, इथवर मुलं चोख लिहितात. पण सत्र संपेपर्यंत त्यांच्या मनात एक चित्र घट्ट बसलेलं असतं: तिकडे गोरा साहेब, इकडे आपण सगळे सारखेच सोसणारे. ते तसंच ठेवून पेपर संपवणं मला पटत नाही. खुद्द अचेबेलाही ते मान्य नव्हतं. त्याच्या कादंबरीतले 'ओसू' आठवा. देवाला वाहिलेली, गावातल्या वेगळ्या भागात देवस्थानाजवळ राहणारी, स्वतंत्र माणसांच्या सभेत ज्यांना जागा नाही अशी ही माणसं. मिशनऱ्यांच्या चर्चमध्ये ती का जातात, हा प्रश्न पहिल्या तासाला विचारा आणि मुलांना पुस्तकातलं ते प्रकरण पुन्हा वाचायला लावा.

मग काळाराम मंदिराकडे या. आमच्या वर्गात पंचवटीतून रोज येणारी मुलं असतात, तरी २ मार्च १९३० ही तारीख फार थोड्यांना ठाऊक असते. त्या दिवशी बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली मंदिरप्रवेशाचा सत्याग्रह सुरू झाला. दहाच दिवसांनी, १२ मार्चला, गांधीजी दांडीसाठी साबरमतीहून निघाले. दोन्ही तारखा फळ्यावर शेजारी लिहा. एक लढा परक्या सत्तेशी, दुसरा आपल्याच माणसांनी अडवलेल्या दाराशी. १९३५ साली येवल्यात बाबासाहेबांनी धर्मांतराची घोषणा केली, हे सांगितलं की 'ओसूं'चं चर्चमध्ये जाणं मुलांना वेगळं दिसू लागतं. दोन्हींत फरक मोठा आहे, तोही त्यांनाच शोधू द्या.

दुसरा तास फुल्यांचा. १८७३चं 'गुलामगिरी' त्यांनी गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतल्या लोकांना अर्पण केलं आणि त्याला इंग्रजीतून प्रस्तावना लिहिली. ती एका तासात वाचून होते. भारतात इंग्रजी शिक्षणाचा आग्रह धरणाऱ्या मेकॉलेच्या १८३५च्या टिपणावर सत्रभर टीका झालेली असते, केनियाचे लेखक न्गुगी यांनी इंग्रजी सोडून आपल्या मातृभाषेत, गिकुयूत, कादंबरी लिहिल्याचं कौतुकही झालेलं असतं. त्यानंतर फुले सरकारकडे शूद्रातिशूद्रांसाठी शिक्षण मागताना दिसले की मुलं खरोखर विचारात पडतात. माझ्या मते या पेपरमधला हा सर्वांत मोलाचा तास.

एक जपा. कुणाला स्वतःची जात उघड करावी लागेल असा प्रश्न वर्गात टाकू नका. घरातली आठवण कुणी आपणहून सांगितली तर पूर्ण ऐका, आणि त्या दिवशी हजेरी शेवटी घ्या.