बाल्कनी घ्या, पण डोक्यावर काय आहे ते बघून

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: सिंगापूरहून पेनांग-फुकेत, तीन रात्रींची क्रूझ. तुम्ही दोघं, सहा आणि अकरा वर्षांची मुलं, सत्तरी ओलांडलेले आई-बाबा. बाल्कनी केबिन घ्यायची आहे, पण एजंट नुसतं 'बाल्कनी' एवढंच सांगतो आणि डेक प्लॅनवर, म्हणजे जहाजाच्या मजलेवार नकाशावर, शेकडो खोल्या एकाच रंगात रंगवलेल्या दिसतात. तर नेमकी कुठली मागायची, आणि पैसे वसूल होतात का?

मी बरीच वर्षं अशाच जहाजांवर हाउसकीपिंगला होतो. लोक पहिल्या रात्रीनंतर रिसेप्शनवर जाऊन खोली बदलून का मागतात, ते जवळून बघितलंय. समुद्राबद्दल तक्रार क्वचितच. बहुतेक तक्रारी वरच्या मजल्यावरच्या आवाजाच्या.

पूल आणि बुफे मोठ्या जहाजावर बहुधा वरच्या डेकवर असतात. त्यांच्या बरोबर खालच्या डेकवरच्या बाल्कनी केबिनी एजंट कौतुकाने विकतो, 'सगळ्यात वरच्या आहेत, व्ह्यू मस्त' म्हणून. पहाटे पाचच्या आधीच तिथे डेक धुवायला सुरुवात होते, मग आरामखुर्च्या ओढून ओळीत लावायच्या, मग बुफेच्या किचनमधल्या ट्रॉल्या. पोलादी जहाजात खुर्चीचा पाय घासला की खालच्या खोलीत कपाट सरकवल्यासारखं ऐकू येतं. थिएटर किंवा नाइटक्लबच्या वरच्या खोलीत हाच त्रास रात्री एक-दीडपर्यंत, आणि तोही खालून. म्हणून पहिला नियम: तुमच्या वरच्या डेकवरही केबिनी, खालच्या डेकवरही केबिनी. डेक प्लॅनची तीन पानं एकाखाली एक धरा आणि तुमच्या नंबरच्या वर-खाली बोट ठेवून बघा. पाच मिनिटांचं काम आहे, पण शंभरातले नव्वद लोक करत नाहीत.

त्याच नकाशावर केबिनींच्या मध्ये काही कोरे, बिननावाचे चौकोन दिसतील. त्यातले बरेचसे आमचे. तिथे पँट्री असते, चादरी-टॉवेलांचं कोठार असतं, कर्मचाऱ्यांचा जिना असतो. सकाळी ट्रॉली भरताना आम्ही कितीही हळू बोललो तरी ते लोखंडी दार दिवसातून शंभरदा आपटतंच. अशा चौकोनाला भिंत लागून असलेली केबिन टाळा. आणि दोन केबिनींच्या मध्ये छोटी खूण असेल तर ते कनेक्टिंग डोअर. शेजारी तुमचेच लोक असतील तर सोन्याहून पिवळं. परके असतील तर त्यांचं घोरणं, फोन, भांडण सगळं दाराच्या फटीतून तुमच्याकडे.

तुमच्यासाठी डेकपेक्षा लिफ्ट महत्त्वाची. सिंगापूरहून सुटणारं जेंटिंग ड्रीम ३३५ मीटर लांब आहे. पुढच्या टोकाला केबिन आणि जेवण मागच्या टोकाला असेल, तर आई-बाबांची दिवसातून चार-पाच वेळा त्या लांबलचक कॉरिडॉरमधून वारी. गुडघे दुखत असतील तर तिसऱ्या जेवणाला ते 'आम्ही खोलीतच बसतो, तुम्ही या जाऊन' म्हणतील. लिफ्टपासून सात-आठ दारांवरची केबिन मागा. अगदी लिफ्टच्या तोंडाशी नको. तिथे रात्री शो सुटला की सगळी जत्रा तुमच्या दारावरून गप्पा मारत जाते.

डुलण्याची भीती सगळ्यांना असते. जहाज मध्यभागी सगळ्यात कमी हलतं, टोकांना जास्त. एसटीच्या मागच्या बाकावर बसून घाट उतरलेल्या माणसाला हे वेगळं समजावायला नको. जहाजाच्या पोटाला बाहेर निघणारे पंख, म्हणजे स्टॅबिलायझर, आडवं डुलणं बरंच कमी करतात, पण पुढचं टोक वर-खाली होणं त्यांना फारसं थांबवता येत नाही. म्हणून मिडशिप, आणि फार उंच नाही, हा सल्ला बरोबरच आहे. फक्त तुमच्या मार्गावर त्यासाठी जादा पैसे मोजू नका. मलाक्काची सामुद्रधुनी एका बाजूला सुमात्रा आणि दुसऱ्या बाजूला मलेशिया यांच्या आडोशाला आहे, एरवी पाणी शांत असतं. एप्रिल ते नोव्हेंबरच्या दरम्यान पहाटे कधी कधी सुमात्राकडून वादळी सरी येतात, वारा जोरात सुटतो, तासा-दोन तासांत संपतं. एवढं मोठं जहाज त्याला फारशी दाद देत नाही. हाच प्रश्न तुम्ही मुंबई-गोवा किंवा लक्षद्वीपच्या एम्प्रेस जहाजाबद्दल विचारला असता तर मात्र मी मिडशिपचा हट्ट धरला असता. ते १९९० सालचं, २११ मीटर लांबीचं जहाज आहे, आणि बाल्कन्याही मोजक्याच. उलटीचा त्रास असलेल्यांनी गोळी डॉक्टरांना विचारून बरोबर ठेवावी, आणि ती पोटात ढवळायला लागायच्या आधी घ्यावी, नंतर नव्हे.

आता लाइफबोटी. स्वस्त बाल्कनीपुढे 'ऑब्स्ट्रक्टेड व्ह्यू', म्हणजे समोर काहीतरी आड येणारं, असं लिहिलेलं दिसलं की लोक एकतर घाबरतात, नाहीतर न वाचताच घेतात. त्यात दोन जाती आहेत. एकीत बोट तुमच्या समोर टांगलेली, म्हणजे बाल्कनीत बसून नारिंगी भिंत बघायची. दुसरीत बोटी एक डेक खाली, म्हणजे वाकून बघितलं तर बोटींची छपरं, सरळ बघितलं तर मोकळं क्षितिज. ही दुसरी मिळाली आणि दर कमी असेल तर बिनधास्त घ्या, माझ्या मते जहाजावरचा सगळ्यात चांगला सौदा तोच. एकच सांगतो: फुकेतला मोठी जहाजं बरेचदा पातोंगच्या खाडीत नांगर टाकतात आणि लोकांना बोटींनी किनाऱ्यावर नेतात. त्या बोटी सकाळी लवकर खाली सोडतात तेव्हा विंचचा आवाज होतो. मुलं तर तो तमाशा बघायलाच बाल्कनीत धावतील. पेनांगला तसं नाही, जहाज जॉर्जटाउनच्या धक्क्यालाच लागतं.

मागच्या टोकाच्या बाल्कन्यांचं यूट्यूबवर फार कौतुक चालतं. मागे सोडलेला पांढरा फेसाळ पट्टा खरंच सुंदर दिसतो. पण तिथे इंजिनाची थरथर जास्त, काही जहाजांवर वारा फिरला की धुरांड्याची काजळी खुर्चीवर पडते (ती रोज सकाळी कोण पुसतं, ते विचारू नका), आणि चालणं सगळ्यात जास्त. आई-बाबांबरोबर नको.

डावी की उजवी? जाताना जहाज वायव्येकडे जातं, म्हणून डाव्या बाजूला सुमात्रा आणि सूर्यास्त, उजवीकडे मलेशियाचा किनारा, तोही लांबूनच. परतताना उलट. मुंबईहून सुटताना मात्र बाजूला अर्थ आहे: बॅलार्ड पिअरहून जहाज दक्षिणेला निघतं, त्यामुळे ताज आणि गेटवे उजव्या हाताला. तुमच्या मार्गावर मी या प्रश्नावर एक मिनिटही घालवणार नाही.

पैशांचं बोलू. तीन रात्रींत दोन दिवस तुम्ही किनाऱ्यावर असाल, उरलेल्या वेळात मुलं पूलमधून बाहेर येणार नाहीत. सहाही जणांसाठी दोन बाल्कन्या घेणं मला उधळपट्टी वाटते. त्याऐवजी एक बाल्कनी आणि कॉरिडॉरमध्ये तिच्या बरोबर समोर एक इनसाइड, म्हणजे बिनखिडकीची, केबिन घ्या. दोन दारांत चार पावलांचं अंतर. बाल्कनी आई-बाबांना द्या. दुपारी सगळे चहाला त्यांच्याकडे जमा, झोपायला मुलं अंधाऱ्या खोलीत, जिथे दिवस उजाडलाच न कळल्यामुळे ती आठपर्यंत झोपतील. हे आमच्या डोळ्यांसमोर कितीतरी गुजराती आणि मराठी कुटुंबांनी केलंय आणि सगळ्यांनी खूश होऊन केलंय. बुकिंग करताना प्रत्येक केबिनीत मोठं माणूस असावं असा नियम असतो, ते एजंटकडून नीट लिहून घ्या. आणि केबिनचं क्षेत्रफळ बाल्कनी धरून सांगितलंय की सोडून, हेही विचारा. चौघं एका खोलीत झोपणार असतील तर तिसरी-चौथी जागा म्हणजे छतातून खाली येणारा पलंग असतो, त्यावर अकरा वर्षांचा मुलगा खूश आणि सासरे नाखूश.

'गॅरंटी' नावाचा सगळ्यात स्वस्त दर दिसला तर त्यात खोली कंपनी निवडते, तुम्ही नाही. वर सांगितलेलं सगळं मग वाया. तरुण जोडप्याला मी तोच घ्यायला सांगितला असता, तुम्हाला नाही.

मुलांसाठी दोन गोष्टी. बाल्कनीचा कठडा चांगला उंच असतो. अमेरिकेच्या २०१० च्या कायद्यात तो किमान ४२ इंच लागतो. पण कठड्याला लागून खुर्ची किंवा टेबल ठेवलं तर सहा वर्षांच्या मुलासाठी तो कठडा उरतच नाही. पहिल्याच दुपारी तुमची केबिन सांभाळणाऱ्या स्टुअर्डला सांगा, 'छोटं टेबल काढून ठेवा, खुर्च्या दाराकडे सरकवा.' आम्ही हे आनंदाने करायचो, कुणी विचारायचंच नाही. दाराची वरची कडी कायम लावलेली असू द्या, आणि मुलांना एकटं बाल्कनीत सोडू नका.

दुसरं, बाल्कनीवर कपडे वाळत घालू नका. ओला टॉवेल वाऱ्याने उडून खालच्या बाल्कनीत गेलेला मी कितीदा परत आणून दिलाय. बहुतेक कंपन्यांनी बाल्कनीत सिगारेट बंद केली आहे, आणि त्याला कारण आहे. मार्च २००६ मध्ये जमैकाजवळ स्टार प्रिन्सेस जहाजाच्या एका बाल्कनीतून आग लागली, बहुधा फेकलेल्या सिगारेटच्या थोटकामुळे, आणि बाल्कन्यांमधल्या प्लास्टिकच्या आडभिंती पेटत ती डेकामागून डेक चढत गेली. एक प्रवासी गेला. त्यानंतर बाल्कनीत काय सामान वापरायचं याचे आंतरराष्ट्रीय नियमच बदलले. हे ऐकल्यावर आईंना सांगणं सोपं जाईल की केबिनीत उदबत्ती आणि निरांजन चालणार नाही. तुमच्या सामानात सापडली तर सुरक्षावाले काढून घेतात, परत देतात उतरताना.

अजून एक दार-प्रकरण. बाल्कनीचं दार उघडं ठेवलं की बऱ्याच जहाजांवर एसी बंद पडतो, आणि सिंगापूरची दमट हवा आत आली की आरसे धुक्याने भरतात. त्याच वेळी कॉरिडॉरचं दार उघडलंत तर वारा असा घुसतो की दार बोटांवर येतं. एका वेळी एकच दार.

पुढे कधी अमेरिकेहून किंवा भूमध्य समुद्रात जाल तेव्हा आणखी घोळ होतो. रॉयल कॅरिबियन कंपनीच्या ओअॅसिस ऑफ द सीज या जहाजापासून, म्हणजे २००९ पासून, काही बाल्कन्या समुद्राकडे नसून जहाजाच्या आतल्या बागेकडे किंवा बोर्डवॉक नावाच्या फिरायच्या रस्त्याकडे उघडतात. २०२४ मध्ये आलेल्या आयकन ऑफ द सीजवरही आहेत. बाग बघायला छान, पण समोरच्या बाल्कनीतून तुमची खोली दिसते, पडदे बंद ठेवावे लागतात. त्या समुद्राच्या बाल्कनीपेक्षा स्वस्त असतात आणि नावातही 'बाल्कनी' असते, म्हणून बुकिंगमध्ये 'ओशन व्ह्यू बाल्कनी' हे शब्द शोधा. सेलिब्रिटी कंपनीच्या एज या जहाजावर २०१८ मध्ये 'इन्फिनिट व्हरांडा' नावाची बाल्कनी आली. बटण दाबलं की खिडकीचा वरचा भाग खाली जातो, बाहेर पाऊल ठेवायला वेगळी जागा नसते. आमच्या पिढीला ती खिडकीच वाटते.

शेवटी, दोन शेजारच्या बाल्कन्याच घ्यायच्या ठरल्या, तर मधली आडभिंत बरेचदा उघडता येते. चौकोनी किल्लीने स्टुअर्ड ती सरकवून देतो. चढल्यावर दुपारीच सांगा, तेव्हा त्याच्या हातात पंधरावीस केबिनी असतात आणि त्याच फेरीत तो करून टाकतो. रात्री अकराला फोन केलात तर सकाळी होईल. तो गोव्याचा किंवा रत्नागिरीचा निघाला, आणि तशी शक्यता बरीच असते, तर 'दादा' म्हणून मराठीत बोला, चहाचा थर्मासही येईल.