माळवदावरची खोली

वाचकांचे प्रश्न : सिनेमा

प्रश्न : मी मूळची कंधार तालुक्यातली, आता परभणीला असते. तिसरीत असताना माळेगावच्या जत्रेत, तंबूतल्या टॉकीजमध्ये, घरच्या बायकांसोबत ‘पिया का घर’ पाहिला. आई होती, आजी होती आणि त्याच वर्षी लग्न होऊन आलेली काकू होती. शेवटी शेवटी मला झोप लागली. परतताना बैलगाडीत आईनं उरलेली गोष्ट सांगितली : मुलीचा सासरा घरावर एक खोली बांधून देतो आणि सगळे सुखानं राहतात. गाडी आजोबा हाकत होते, हेही मला आठवतं. गेल्या महिन्यात अकरावीतल्या नातीसोबत मोबाइलवर हा सिनेमा पुन्हा पाहिला, तर शेवट वेगळाच निघाला! तेव्हा वेगळी प्रिंट होती का? आणि दुसरं. माझा हा सगळ्यात लाडका प्रेमाचा सिनेमा, पण नाव काढलं की लोक “हा कुठला?” म्हणतात. नात म्हणते, “आजी, तू लहानपणी पाहिलास म्हणून तुला आवडतो.” खरं आहे का हे? (पुढं आमच्याही माळवदावर पत्र्याची खोली झाली. दहावीचा अभ्यास मी तिथंच केला. म्हणून आईची गोष्ट डोक्यात पक्की बसली असेल.)
— एक वाचक, परभणी

उत्तर : ताई, तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. कंसातल्या वाक्यापाशी प्रत्येक वेळी थांबले. त्याकडं शेवटी येते.

आधी प्रिंटचं. वेगळी प्रिंट नव्हती. तंबूत यायच्या त्या प्रिंटा शहरातल्या थेटरांतून झिजून आलेल्या असायच्या. हजार फुटांचं एक रीळ साधारण 11 मिनिटं चालतं. ते तुटलं की ऑपरेटर तुटलेला भाग कापून टोकाला टोक चिकटवायचा, आणि दर जोडाला सिनेमा थोडा थोडा कमी व्हायचा. गाण्याचं अर्धं कडवं उडायचं, एखादी भेटच नाहीशी व्हायची. पण जे चित्रित झालंच नाही ते तंबूत कुठून येणार? सिनेमाचा शेवट तुम्ही नातीसोबत पाहिलात तोच आहे. माहेरचं माणूस मालतीला, म्हणजे जया भादुरीला, न्यायला येतं, घरातला एकेक जण आपणच बाहेर पडायची तयारी दाखवतो, आणि ते पाहून ती राहायचं ठरवते. सासऱ्यानं वर खोली बांधल्याचं त्यात कुठंच नाही.

आता हा सिनेमा मागं का पडला, ते. तो आला 1972 साली. त्या एका वर्षात जया भादुरीचे ‘बावर्ची’, ‘परिचय’, ‘कोशिश’, ‘शोर’, ‘जवानी दीवानी’ एवढे सगळे सिनेमे आले. त्याच वर्षी ‘पाकीज़ा’ आला, ‘सीता और गीता’ आला. या गर्दीत चाळीतल्या एका नवविवाहित जोडप्याची गोष्ट कोण लक्षात ठेवणार? पुढं याच सिनेमाचे दिग्दर्शक बासू चटर्जी यांचे ‘रजनीगंधा’, ‘छोटी सी बात’ आणि ‘चितचोर’ आले. लोक त्यांचं नाव घेतात ते या तिघांसाठी. ‘ये जीवन है’ हे किशोरकुमारचं गाणं मात्र घरोघर पोचलं. इतकं, की ते याच सिनेमातलं आहे हेसुद्धा पुष्कळांना माहीत नसतं.

आणि आपल्याकडचं 1972 साल, दुष्काळाचं, तर तुम्हाला सांगायला नको. खडी फोडायची, पाझर तलावावर माती वाहायची, मिलो ज्वारीची लाल भाकरी खायची आणि लेकरांना सुकडी. मोठी माणसं अजून सालाचा हिशेब ‘बहात्तरच्या आधी’ आणि ‘बहात्तरच्या नंतर’ असाच करतात. त्या वर्षीचा सिनेमा आपल्या जत्रांत पोचेपर्यंत तीनचार वर्षं जाणारच. तोवर आपल्याकडची कितीतरी माणसं मुंबई-पुण्याला गेली होती. मुंबईच्या खोलीत दहा माणसं कशी निजतात, हे तंबूत बसलेल्या बायकांनी पत्रांतून वाचलेलं, कुणाकडून तरी ऐकलेलं होतं. पडद्यावर ते पहिल्यांदाच दिसत होतं.

नातीचं म्हणणं मला अर्धं पटतं. लहानपणी पाहिलं म्हणून एखादा सिनेमा मनात राहतो, हे खरं. पण लहानपणी आपण शंभर सिनेमे पाहिले आणि त्यातले नव्वद विसरलो. हाच का राहिला? माझं उत्तर असं, की तो चांगला आहे म्हणून राहिला. मी तो तंबूत पाहिला नाही. गणपतीत गल्लीनं व्हीसीआर भाड्यानं आणला होता तेव्हा पाहिला, वयाच्या सतराव्या वर्षी. त्यानंतर सहासात वेळा तरी पाहिला असेल. दर वेळी माझा जीव त्या स्वयंपाकघराच्या दाराशी अडकतो.

नवं जोडपं, आणि निजायला मिळतं ते स्वयंपाकघर. सिनेमाची सगळी गोष्ट एवढीच. यात खलनायक नाही, गैरसमज नाहीत, श्रीमंत बापही नाही. सासू वाईट नाही, जाऊ वाईट नाही, शेजारी तर उलट फार प्रेमळ आहेत. अडचण भिंतींची आहे. दोन माणसांना एकमेकांशी बोलायला जागा नाही, आणि त्या दोघांना एकमेकांची ओढ आहे. शरीराचीसुद्धा ओढ आहे, आणि सिनेमा ते लपवत नाही. त्या काळी नायक-नायिका बागेत झाडामागं जायचे आणि पडद्यावर फुलं हलायची. इथं मात्र जया भादुरी लोकांची निजानीज व्हायची वाट बघते. तिचे डोळे दाराकडं जातात, मग नवऱ्याकडं, मग खाली. एक शब्द न बोलता ती सगळं सांगते. असं प्रेम मी हिंदी सिनेमात फार थोड्या वेळा पाहिलंय.

बासूदांचा हा आवडता विषय होता, असं मला वाटतं. दिग्दर्शक होण्याआधी ते ‘ब्लिट्झ’ साप्ताहिकात व्यंगचित्रं काढायचे. गर्दीतला एक चेहरा टिपायची नजर तिथलीच असणार. त्यांचा पहिला सिनेमा ‘सारा आकाश’, 1969चा. त्यातही मोठ्या कुटुंबातलं नवं जोडपं आहे, आणि ती दोघं एकमेकांशी बोलतच नाहीत. तो सिनेमा जड आहे, त्यातला अबोला अंगावर येतो. ‘पिया का घर’मधल्या दोघांना बोलायचं आहे, पण लोक बोलू देत नाहीत. पहिल्यात जे दुखतं, तेच दुसऱ्यात हसत हसत दुखतं.

उणं काही नाही असं मी म्हणणार नाही. शेजाऱ्यांची ये-जा मधे फार लांबते. तीच ती गंमत चारदा होते. तुम्ही नातीसोबत पाहताना तिनं तिथंच मोबाइल पुढं सरकवला असेल, आणि त्यात तिचं चुकलं नाही. पण स्वयंपाकघरातलं काही तिनं गाळलं असेल, तर ते तिला परत दाखवा.

माझ्या घरचं सांगते. अहमदपूर तालुक्यात आमचं माळवदाचं घर. ओसरी, मधलं घर, त्यात बळद, आणि मागं न्हाणी. उन्हाळ्यात सगळं घर माळवदावर निजायचं. थोरल्या भावाचं लग्न झालं ते चैत्रात. वहिनी नवी. आता हे दोघं कुठं निजणार? माळवदावर सासरा, चुलत सासरा, दीर, नणंदा, पाहुणे. खाली मधल्या घरात उकडून जीव जायचा. पहिले दहाबारा दिवस दोघंही वरच निजले. वहिनी बायकांच्या रांगेत, भाऊ पुरुषांच्या. मधे आमची आजी. कुणी काही बोललं नाही. मग एका रात्री आजीच म्हणाली, “बळदाच्या खोलीत उंदरं लई झालीत. कुणीतरी खाली निजायला पाहिजे, नाहीतर ज्वारीचा भुस्सा होईल.” आणि भावाकडं बघून, “तू जा. एकटा नको, तिलाबी घेऊन जा. तिला उंदराचं भ्या नाही.” वहिनीला उंदराची भयंकर भीती होती. ती तशीच उठली आणि खाली गेली.

त्या उन्हाळ्यात आमच्या वडिलांना रात्री पाणी प्यायला खाली यायचं असलं, तर ते जिन्याच्या वरच्या पायरीवरूनच खाकरायला लागायचे. आमच्या घराला दार म्हणाल तर तेवढंच होतं.

‘पिया का घर’ पहिल्यांदा पाहिला तेव्हा मला आजीची उंदरं आठवली. त्या चाळीतल्या माणसांना शेवटी शेवटी जे सुचतं, ते आमच्या आजीला चैत्रातल्या बाराव्या रात्री सुचलं होतं. म्हणून माझ्यासाठी हा सिनेमा जितका त्या दोघांच्या प्रेमाचा, तितकाच घराचाही. घर म्हणजे त्या दोघांचं प्रेम ज्यांना दिसतं आणि जे बाजूला सरकतात, अशी माणसं. नायक-नायिकेच्या प्रेमाचे सिनेमे उदंड आहेत. बाकीच्यांनी थोडं सरकून बसावं असं सांगणारे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके.

तुमच्या नातीनं “ती सोडून का गेली नाही?” असं विचारलं असेल, तर तो प्रश्न रास्त आहे. जागा द्यायची घरानं, आणि शेवटी सोसायचं मात्र सुनेनं, हे मलाही खटकतं. मालती राहते खरी, पण निजायचं ते स्वयंपाकघरच. बासूदा तिथं आवरतं घेतात. एखादी भिंत उभी राहायला हवी होती, असं मला दर वेळी वाटतं.

आणि ताई, तुमच्या आईलाही तसंच वाटलं होतं.

त्या रात्रीची गाडी डोळ्यांसमोर आणून बघा. गाडीत आजी, आई, नवी काकू आणि तुम्ही अर्धवट झोपेत. गाडी हाकतात आजोबा, म्हणजे तुमच्या आईचे सासरे. सुनेनं सासऱ्यासमोर तोंड उघडायचं नाही, अशी ती रीत. धाकट्या जावेला निजायला जागा नाही, हे त्यांना कोण सांगणार? पण लेकराला गोष्ट सांगायला कुणाची मनाई नव्हती. लेकी बोले सुने लागे, ही म्हण तुमच्या आईनं त्या रात्री उलटी वापरली. बोलली लेकीशी, आणि ऐकायला लावलं सासऱ्याला. सिनेमातल्या सासऱ्यानं घरावर खोली बांधली, हे तिनं बैलांच्या घुंगरांच्या वर ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं सांगितलं असणार. नाहीतर पेंगलेल्या तिसरीतल्या पोरीला ते पन्नास वर्षं आठवलं नसतं.

तुमच्या माळवदावर पत्र्याची खोली कधी झाली, हे तुम्ही लिहिलेलं नाही. माझा अंदाज सांगते : पुढच्या पावसाळ्याच्या आत. तुमच्या दहावीच्या कितीतरी आधी. काकू असतील तर त्यांना विचारा. तुम्ही त्या खोलीत अभ्यास करायच्या आधी तिथं कोण राहत होतं, तेही विचारा. आणि काय म्हणाल्या ते मला कळवा. मी वाट बघते.

प्रश्न : ‘मुंबईचा जावई’ आणि ‘पिया का घर’ यांतला आधी कोणता पाहावा?
— एक वाचक, लातूर

उत्तर : आधी मराठी. राजा ठाकूर यांचा ‘मुंबईचा जावई’ 1970चा आहे, हिंदी सिनेमा त्याच्यावरूनच केला. गदिमांची गाणी, सुधीर फडक्यांचं संगीत. ‘प्रथम तुज पाहता’ रामदास कामतांनी गायलंय. आणि आशाबाईंचं ‘का रे दुरावा’ तर आकाशवाणीनं आपल्या कानांत इतक्या वेळा घातलंय, की त्याला सिनेमा आहे हेच आपण विसरतो. एकदा सिनेमाच्या गर्दीत बसून ऐका. शेजारच्यांना ऐकू जाऊ नये अशा बेतानं कुणीतरी ते म्हणतंय, असं वाटतं. शब्दांत मराठी सिनेमा सरस आहे. न बोलता सांगण्यात हिंदी सरस, कारण तिथं जया भादुरी आहे. दोन्ही एकाच आठवड्यात पाहिलेत तर उत्तम.

प्रश्न : आमचे आजोबा म्हणतात, जत्रेतल्या तंबूत पडद्याच्या मागच्या बाजूनंही सिनेमा दिसायचा. हे खरं का?
— एक विद्यार्थी, नांदेड

उत्तर : अगदी खरं. पडदा पांढऱ्या कापडाचा, त्यामुळं उजेड आरपार जायचा. पुढं जागा उरली नाही की लोक मागं बसायचे. चित्र तेच, फक्त डावं-उजवं बदललेलं. नावं उलटी दिसायची, वाचता यायची नाहीत. माझी आत्या कायम मागूनच बघायची, कारण पुढं पुरुषांची गर्दी. वहिनीला घेऊन एकदा ती लातूरला पक्क्या थेटरात गेली. बाहेर आल्यावर म्हणाली, “आज बाईचा पदर दुसऱ्याच खांद्यावर होता.”