मॉन्ट्रियलला गेम डिझायनर व्हायला यायचंय, तर आधी हे बघ

तुझा प्रश्न असा की, पुण्यात इंजिनिअरिंगचं शेवटचं वर्ष आहे, गेम डिझायनर व्हायचंय, आणि एजंट इथल्या, मॉन्ट्रियलच्या, एका खासगी कॉलेजचा डिप्लोमा गळ्यात मारतोय. घेऊ का?

नको घेऊस. क्युबेकमध्ये, म्हणजे मॉन्ट्रियल ज्या कॅनेडियन प्रांतात आहे तिथे, सप्टेंबर २०२३ पासून विनाअनुदानित अभ्यासक्रम केलेल्यांना शिक्षणानंतरचं वर्क परमिट मिळत नाही. एजंट हे कशाला सांगेल? त्याचं कमिशन तू विमानात बसलास की वसूल. यायचंच तर विद्यापीठात मास्टर्स करायला ये, त्यानंतर तीन वर्षांपर्यंतचं परमिट मिळू शकतं. इंग्रजीतून शिकायचं तर कॉन्कॉर्डिया आहे. स्टडी परमिटआधी क्युबेक सरकारचं वेगळं संमतीपत्रही लागतं, त्याचा वेळ धर.

पण पदवीवर इथे डिझायनर म्हणून कुणी घेत नाही. मी लेव्हल डिझायनर आहे, म्हणजे गेमच्या एकेका टप्प्यातली जागा आणि वाट आखतो; ज्युनिअर्सचे पोर्टफोलिओ माझ्याकडेही येतात. बहुतेकांत पन्नास पानी कथा आणि राक्षसांची चित्रं असतात. मला हवी असते दहा मिनिटांत खेळून होणारी एक लेव्हल, नुसत्या करड्या ठोकळ्यांची. गेम बनवायचं सॉफ्टवेअर अनरियल, युनिटी, गोडो, काहीही चालेल. ती अनोळखी माणसाला खेळायला दे आणि तोंड बंद ठेवून मागे बस. तुला स्वच्छ दिसणारं दार त्याला दिसणार नाही. तेव्हा ‘अरे, उजवीकडे बघ’ म्हणायचं नाही. दारावर उजेड टाक, नाहीतर शत्रूच तिकडून येऊ दे. मग दुसऱ्या माणसाला बसव. काय बदललं आणि का, हे अर्ध्या पानात लिही. मी ते अर्धं पान आधी वाचतो.

याला मॉन्ट्रियल लागत नाही. जानेवारीत ग्लोबल गेम जॅम असतो, थोड्या दिवसांत गेम बनवायचा जगभरचा उपक्रम, त्यात उतर. यूबीसॉफ्ट या फ्रेंच गेम कंपनीचा स्टुडिओ पुण्यात २००८ पासून आहे, सुमो या ब्रिटिश कंपनीचाही आहे. टेस्टर म्हणून का होईना, आत शीर. टेस्टिंगला नाकं मुरडणारे पुष्कळ भेटतील, पण गेम कुठे आणि का मोडतो हे तिथे रोज दिसतं. मोठे निर्णय मात्र अजून बरेचसे बाहेरच होतात, हे खरं. यूबीसॉफ्टच्या ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’ या गेमचा रिमेक २०२० मध्ये त्यांच्या पुणे-मुंबईच्या स्टुडिओंचा म्हणून जाहीर झाला आणि २०२२ मध्ये मॉन्ट्रियलला हलवला. इथला गेम उद्योगच मुळात सरकारने उभा केलेला. १९९७ मध्ये क्युबेक सरकारने पगारावर अनुदान देऊन यूबीसॉफ्टला इथे आणलं, बाकीच्या कंपन्या मागून आल्या.

सध्या मात्र २०२३ पासून या उद्योगात जगभर नोकरकपात चालू आहे. ज्युनिअरच्या जागेसाठी पाच-सात वर्षं काम केलेले लोकही अर्ज करतात. कर्ज काढून येणार असशील तर हा हिशोब घरच्यांसमोर मांड.

आणि फ्रेंच. टीममध्ये इंग्रजीवर निभतं, पण २०२२ च्या भाषा कायद्यानंतर नव्याने आलेल्यांशी सरकारी कार्यालयं सहा महिन्यांनी, काही अपवाद सोडले तर, फ्रेंचमध्येच बोलतात. कायमचं राहायचं असेल तर ती हवीच. रानडे इन्स्टिट्यूट किंवा आलियाँस फ्रान्सेझला याच सत्रात नाव घाल.

लेव्हल तयार झाली की लिंक पाठव. खेळून सांगेन.