उतार एकाच बाजूला चढत असेल, तर आधी प्लॅटन तपासा

आपण लिहिले आहे की बेल्ट ग्राइंडरवर चाकू घडवताना पात्याच्या डाव्या बाजूचा उतार (पाठीकडून धारेकडे पातळ होत जाणारा घासलेला भाग) सरळ येतो, उजव्या बाजूचा मात्र मुठीजवळ पाठीकडे चढतो, टोकाशी पोलाद निळे पडते आणि ‘आपला हातच बसत नाही’ असे वाटू लागले आहे. अगदी हेच मी पुष्कळ दिवस सोसले आहे, म्हणून सविस्तर लिहितो. मास्क, चष्मा, पाण्याची बादली हे आपण सांभाळत असालच.

हात न बसणे हे कारण बरेचदा खरेही असते. परंतु नवशिक्याचा हात आज एके ठिकाणी चुकतो, तर उद्या दुसऱ्या ठिकाणी. प्रत्येक पात्यावर दोष त्याच बाजूला, त्याच जागी आणि जवळपास तेवढाच येत असेल, तर संशय यंत्रावर घ्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

माझा बेल्ट ग्राइंडर ज्या फॅब्रिकेशनवाल्याने बनवून दिला, त्याने फिरत्या घासपट्ट्याला मागून आधार देणारी प्लॅटनची पट्टी साध्या माइल्ड स्टीलची घेतली आणि ती मागच्या बाजूने सलग वेल्डिंग करून जोडली. वेल्डिंग केलेली बाजू थंड होताना आकसते आणि पट्टी वाकते, हे त्या धंद्यातल्या माणसाला सांगावे लागू नये. तक्रार केली की ‘साहेब, हात बसेल हळूहळू’ असे म्हणून तो माझी बोळवण करी, आणि उरलेले पैसे हाती पडल्यावर त्याने फोन उचलणेच सोडले. त्या काळात भंगारात गेलेले पोलाद आणि वाया गेलेले पट्टे यांच्या किमतीत चांगले प्लॅटन सहज आले असते.

तपासणी सोपी आहे. पट्टा उतरवावा, चांगल्या गुण्याची कड प्लॅटनवर उभी, आडवी आणि दोन्ही कर्णांवर टेकवावी आणि मागे टॉर्च धरावा. माझ्याकडे गुण्या मध्येच टेकत होता, दोन्ही टोकांना उजेडाची फट दिसत होती आणि एका कर्णावर तो चक्क डुलत होता, म्हणजे प्लॅटन फुगलेले तर होतेच, शिवाय पिळलेलेही होते. पात्याच्या दोन बाजूंच्या प्लंज रेषा, म्हणजे मुठीजवळ उतार जिथे सुरू होतो त्या रेषा, पट्ट्याच्या दोन वेगवेगळ्या कडांवर घडतात. त्यांतली एक कड पुढे आलेली असेल, तर दोष एकाच बाजूला दिसणारच. सपाट ग्राइंड केलेली जाड पट्टी वेल्डिंग न करता स्क्रूने बसवावी आणि तिच्यावर सिरॅमिक काच इपॉक्सीने चिकटवावी. हे निदान माझ्या यंत्राचे आहे. आपले प्लॅटन सरळ निघाले, तर माझे म्हणणे सोडून द्यावे.

प्लॅटन सरळ असूनही उतार चढत असेल, तर दाब कुठे पडतो ते पाहावे. पाठीकडे दाब दिला की उताराची वरची रेघ वर सरकते, धारेकडे दिला की धार पातळ होते. कोपर अंगाशी धरून हाताऐवजी कमरेतून हलावे. पोलादाच्या जाडीएवढाच ड्रिल बिट घेऊन, पाते आणि बिट सपाट फरशीवर ठेवून त्याच्या टोकाने धारेवर मध्यरेषा ओढावी आणि धारेच्या बाजूचे चौकोनी कोपरे आधी जुन्या पट्ट्यावर ४५ अंशांत उतरवून घ्यावेत, कारण कोरा कोपरा नव्या पट्ट्याचे दाणे ओरबाडून काढतो. जिग (पाते ठरावीक कोनात धरून ठेवणारे साधन) वापरणाऱ्यांशी माझे भांडण नाही, पण तिच्यावर शिकलेल्याला टोकाचे वळण फार उशिरा जमते, असे मी पाहिले आहे.

निळ्या टोकाची चिंता पाणी देण्यापूर्वी, म्हणजे पाते तापवून झटकन थंड करून कठीण करण्यापूर्वी, करू नये. साध्या कार्बन पोलादात पुढच्या तापवण्याने तो परिणाम पुसला जातो. पाणी देऊन सुमारे २०० अंश सेल्सिअसवर टेम्पर केलेल्या (ठिसूळपणा कमी करण्यासाठी पुन्हा तापवलेल्या) पात्यावर मात्र निळा रंग म्हणजे जवळपास ३०० अंश, आणि तेवढा भाग नरम पडला असे समजून काढून टाकावा. बहुतेक वेळा दोष झिजलेल्या पट्ट्याचा असतो: तो कापत नाही, नुसता घासतो, आणि टोकाच्या पातळ पोलादात उष्णता पसरायला जागा नसते. ६० ग्रिटचा (जाड दाण्यांचा) पट्टा बोथट वाटला की जपून ठेवू नये, आणि पाणी देण्यापूर्वी धार अर्ध्या-पाऊण मिलिमीटरच्या खाली नेऊ नये, नाहीतर पाते वाकते किंवा तडकते.

प्लॅटन तपासून झाल्यावर, पाते पाठीकडून आणि धारेकडून सरळ धरून काढलेले फोटो टाकावेत. बाजूने काढलेल्या फोटोवरून नक्की काही सांगता येत नाही.