सीनेच्या पुरात माणसं काढणाऱ्या आमच्या परंड्याच्या पोरांना सरकारी पदक मिळू शकतं का?

मिळू शकतं, त्याला वर्दी लागत नाही. तुम्ही विचारताय ते 'जीवन रक्षा पदक'. बुडणाऱ्याला, आगीत अडकलेल्याला जिवावर उदार होऊन वाचवलं की सर्वोत्तम, उत्तम आणि साधं अशा तीन श्रेणींत देतात. प्रस्ताव राज्य सरकारमार्फत केंद्राकडे जातो, म्हणून सुरुवात जिल्हाधिकारी कार्यालयापासून करा. घटनेला दोन वर्षं व्हायच्या आत.

खरी मेहनत कागदांची. दोर कमरेला बांधून कोण उतरलं, पाणी किती होतं, कुणाला काढलं, हे तारखेसकट लिहून काढा. वाचलेल्यांचे जबाब, पंचनामा जोडा. नुसते सत्काराचे फोटो नकोत!

आपत्ती व्यवस्थापनातल्या कामासाठी २३ जानेवारीला जाहीर होणारा सुभाषचंद्र बोस आपदा प्रबंधन पुरस्कार वेगळा: व्यक्तीला ५ लाख, संस्थेला ५१ लाख आणि प्रमाणपत्र.