तुमच्या तापाचं कौतुक पुरे

"मी सांगलीचा, वय ५८. सव्वीस वर्षं आमच्या हौशी नाट्यसंस्थेत पडद्यामागे आहे. प्रकाश आणि प्रॉपर्टी, म्हणजे नाटकात लागणाऱ्या वस्तू, दोन्ही माझ्याकडे. कधी एक पैसा घेतला नाही. यंदा रंगभूमी दिनाला सगळ्यांचे सत्कार झाले, माझं नावसुद्धा कुणी घेतलं नाही. नवा दिग्दर्शक सत्तावीस वर्षांचा, तो माझ्याकडे क्यू शीट मागतो, कुठल्या शब्दावर कुठला दिवा याची लेखी यादी! मला सगळं पाठ आहे. मागच्या मार्चात मला ताप आला तेव्हा प्रयोग पुढे ढकलावा लागला होता, हे सगळे विसरले. मी तालमीला जाणं बंद केलंय. सौ. म्हणते, सोडून द्या आता. सोडू का?" – विंगेतला

सत्काराचं नंतर बघू. आधी तो ताप.

एका ओळीत उरकलात तो, आणि वर ऐटीत. नोकऱ्या सांभाळून माणसं रात्री उशिरापर्यंत तालमी करतात, नाट्यगृहाचं भाडं भरलेलं असतं, आणि एकाला ताप आला म्हणून पडदा उघडत नाही. यात तुमची थोरवी कुठे दिसली हो? सव्वीस वर्षांत हाताखाली एक माणूस तयार केला नाहीत, एवढंच मला दिसलं. हाच ताप राज्य नाट्य स्पर्धेच्या दिवशी आला असता तर? तिथे ठरलेल्या वेळी घंटा होते.

आता सत्कार. १८४३ साली ५ नोव्हेंबरला विष्णुदास भाव्यांनी ज्या गावात नाटक उभं केलं, त्याच गावात रंगभूमी दिनाला तुमचं नाव राहिलं. राहायला नको होतं. पण स्पर्धेतसुद्धा प्रकाशयोजनेला, नेपथ्याला, रंगभूषेला बक्षीस असतं, विंगेत कपबश्या मांडणाऱ्याला नसतं. हे पहिल्या वर्षापासून माहीत असूनच तुम्ही कपबश्या मांडल्यात. आणि त्या दिग्दर्शक पोराचं क्यू शीटचं मागणं शंभर टक्के बरोबर आहे.

तेव्हा संहितेची एकाच बाजूने झेरॉक्स काढा आणि फाईलला लावा. डावीकडे कोरी बाजू येते, तिथे पेन्सिलने लिहायचं. पेनाने नाही, दिग्दर्शक रंगीत तालमीपर्यंत बदलत राहणार. क्यूंना १, २, ३ असे नंबर देऊ नका. १०, २०, ३० द्या. मध्ये एखादा घुसला तर तो २५ होतो, पुढचे सगळे खोडावे लागत नाहीत. प्रत्येक क्यूपुढे कुठल्या शब्दावर, कुठला डिमर (दिव्याचा उजेड कमी-जास्त करणारा), किती टक्के, किती सेकंदांत. "हळूहळू वाढव" लिहिलंत तर तुमचं हळू आठ सेकंदांचं आणि दिव्यांवर बसणाऱ्या नव्या पोराचं तीन. शिवाय तो शब्द नाटकात आणखी कुठे येतो का, तेही तपासा. "चहा टाकते" हे एकाच प्रवेशात दोनदा आलं, तर नवा पोरगा पहिल्यालाच ब्लॅकआऊट करणार आणि नट अंधारात कप चाचपडत बसणार. अशा जागी हालचालही लिहा: "चहा टाकते, वळते, दाराशी पोचली की." त्याच्या अर्धं पान आधी मोठ्या अक्षरात "तयार".

मग जे कुणीच कधी लिहीत नाही ते. दहा अँपिअरच्या लाइनवर हजार वॉटचे दोन पार दिवे बसतात, तिसरा लावला की फ्यूज जातो. एलईडी पार डिमरवर लावायचा नाही, सरळ लाइनवर घ्यायचा. डिमरवर तो थरथरतो आणि एक दिवस जळतो. हॅलोजनचा दिवा उघड्या बोटांनी धरायचा नाही, बोटाचं तेल लागलं तिथे काच जास्त तापून तडकते. तुमच्या हातांना हे ठाऊक आहे. त्या पोरांना कळेपर्यंत तीन फ्यूज, दोन पार आणि एखादं बोट खर्ची पडेल.

प्रॉपर्टीला यादी पुरत नाही. टेबलावर पांढरा कागद चिकटवा, प्रत्येक वस्तू ठेवून भोवती मार्करने रेघ मारा, आत नाव. रिकामा आकार दिसला की वस्तू जागेवर नाही, हे विंगेतल्या अंधुक उजेडातही कळतं. डाव्या विंगेचं टेबल वेगळं, उजव्या विंगेचं वेगळं. मध्यंतरात दोन्ही पुन्हा लावायची, कारण दुसऱ्या अंकात चष्मा उजवीकडून लागतो आणि पहिल्या अंकात नट तो डावीकडे घेऊन गेलेला असतो. स्टेजवर पत्र फाडायचं असेल तर प्रयोगागणिक एक, वर दोन जादा.

आठ दिवस पुरतात या कामाला. सोडू का, हे तोवर विचारायचंच नाही, मला नाही आणि सौ.नासुद्धा नाही. लिहून न देता सोडलंत तर गावात त्याला रुसवा म्हणतात.

फाईल घेऊन तालमीला जा आणि केबल गुंडाळायला आपणहून थांबणारा जो पोरगा असेल, त्याच्या हातात द्या. असा एक प्रत्येक संस्थेत असतो. तुमचंही लक्ष असेलच त्याच्यावर. पुढच्या तालमी त्याला दिव्यांवर बसवा, तुम्ही शेजारी, हात मांडीवर. चुकला तर प्रवेश संपल्यावर सांगायचं.

प्रयोगाच्या रात्री मात्र विंगेत पाय टाकायचा नाही. समोर बसा, मागच्या रांगेत. सव्वीस वर्षांत आपलं नाटक समोरून किती वेळा पाहिलंत? आणि तिकीट काढून जा. पास मागू नका.