१९९७ ची मारुती ८०० पावसाळ्यात मिसिंग करते, मेकॅनिक कार्ब्युरेटर बदला म्हणतो. बदलू का?

इतक्यात नको. मिसिंग म्हणजे एखादं सिलिंडर नीट पेटत नाही. तुम्ही लिहिलंय की प्लग नवे आहेत, तरी ओल्या सकाळी गाडी थरथरते, तापली की सुधारते आणि घाटात चार माणसं बसली की पुन्हा धक्के देते. ही लक्षणं पेट्रोलपेक्षा करंटची जास्त वाटतात. चढावर थ्रॉटल उघडला की सिलिंडरमधला दाब वाढतो, त्या दाबात ठिणगी पाडायला जास्त व्होल्टेज लागतं, आणि प्लगची वायर किंवा डिस्ट्रिब्युटरची (प्लगना पाळीपाळीने करंट वाटणारा भाग) कॅप अधू असेल तर तो करंट प्लगपर्यंत न जाता वाटेतच बॉडीला जातो. उलट नुसती आयडलिंगला थरथरते आणि रेस केली की गुळगुळीत चालते, असं असतं तर मी आधी व्हॅक्यूमचे पाइप फाटलेत का ते बघायला सांगितलं असतं.

माझ्याकडे ९६ ची होती. पसरणी घाटात दुसऱ्या गिअरलाही रडायची. एका गॅरेजवाल्याने प्लग बदलले, मग कार्ब्युरेटरचा किट टाकला, मग पेट्रोल पंप. प्रत्येक वेळी दोन दिवस बरी चालायची (पाऊस उघडलेला असायचा, हे नंतर लक्षात आलं!). शेवटी डिस्ट्रिब्युटरच्या कॅपला आतून केसाएवढी चीर निघाली. चिरेत कार्बनची काळी रेघ धरलेली. करंट त्या रेघेवरून पळत होता.

म्हणून 'कुठला पार्ट गेला' हे नंतर. आधी कुठलं सिलिंडर मेलंय ते शोधा. तीनच आहेत, काम सोपं आहे. गाडी मिसिंग करत असतानाच करायचं, बरी चालत असताना काही कळणार नाही. इंजिन बंद करून एका प्लगची वायर काढा, तिच्या टोपीत एक जुना प्लग घाला, त्याची लोखंडी बाजू वायरने इंजिनला पक्की अर्थ करा आणि मग चालू करा. चालू इंजिनवर हाताने वायर उपटायला जाऊ नका, झटका जबरदस्त बसतो. चांगल्या सिलिंडरची वायर काढलीत तर इंजिन बंद पडायला येईल, कारण मागे एकच उरतं. जिची वायर काढून काहीच फरक पडत नाही, ते मेलेलं. वायरींचा आधी मोबाइलवर फोटो घ्या. फायरिंग ऑर्डर (सिलिंडर पेटण्याचा क्रम) १-३-२ आहे, दोन वायरी अदलाबदल झाल्या की नवीनच दुखणं मागे लागतं.

सापडलं की त्याचा प्लग शेजारच्यात टाकून बघा. मिसिंग प्लगबरोबर गेली तर नवा प्लगच खराब. नाही गेली तर रात्री अंधारात बॉनेट उघडा, इंजिन चालू ठेवा आणि वायरींवर, कॅपवर स्प्रेच्या बाटलीने पाण्याचा अगदी बारीक फवारा मारा. निळ्या ठिणग्या नाचताना दिसल्या की जागा मिळाली. काही दिसलं नाही तरी कॅप काढून आतून बघाच, माझ्या गाडीत बाहेरून काहीच दिसत नव्हतं. कॅप, रोटर (कॅपच्या आत फिरणारा तुकडा) आणि वायरी मी एकदमच बदलतो. कार्ब्युरेटरपुढे त्यांचा खर्च किरकोळ आहे.

गॅस किट बसवलंय का, ते तुम्ही लिहिलं नाहीत. गॅस पेटवायला पेट्रोलपेक्षा जास्त व्होल्टेज लागतं, त्यामुळे गॅसवर मिसिंग आणि पेट्रोलवर ठीक असेल तर संशय अजून पक्का.

करंट ठणठणीत निघाला, तरच कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमध्ये दाब किती तयार होतो ते. तिन्ही प्लग काढून, कॉइलची वायर सोडून, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून मोजायला सांगा. एकाच सिलिंडरचं कमी आलं तर त्यात चमचाभर ऑइल टाकून पुन्हा मोजायचं. वाढलं तर पिस्टनच्या रिंगा झिजल्यात, नाही वाढलं तर व्हॉल्व्ह नीट बसत नाहीत. त्याआधी टॅपेट (व्हॉल्व्हची फट) जास्त टाइट तर नाहीत ना, हे तपासून घ्या. शेजारशेजारची दोन सिलिंडर कमी आली तर हेड गॅस्केट (इंजिनचं हेड आणि ब्लॉक यांच्यामधलं पॅकिंग) गेलंय.

तोवर अशीच रेटू नका. न जळलेलं पेट्रोल खाली ऑइलमध्ये उतरतं. डिपस्टिक काढून वास घेतलात की कळेल. पेट्रोलचा वास आला तर मिसिंग काढल्यावर ऑइलही बदला.